आमच्या रंगकाढ्या वन्सं

अगो, उंबऱ्यात काय बसलीस परक्यासारखी? पुढं सरक. इतके दिवस इकडं फिरकली नायस, त्याची बोलणी तुला बसणारच आहेत, पण सावकाश. आधी ते सरबत संपव बघू. आमच्या वन्संनी पाहिलं तर त्यात काळी पावडर टाकतील, ढवळतील, पेल्याला बाहेरून लोहचुंबक लावतील, आणि तुझं लालभडक सरबत नितळ पाणी करून तुझ्या हातात देतील. वर म्हणतील, "बघा, काय पीत होतात."

खोटं नाय सांगत. मुरबाडला भाचीच्या साखरपुड्यात त्यांनी नवऱ्यामुलाच्या मामांच्या पेल्यावर हाच प्रयोग केला. मामा मोबाईलवर बोलत होते. बोलणं आटोपून पेला उचलला, आत बघितलं, मग शेजारच्याच्या पेल्यात बघितलं. "बाकीच्यांना सरबत, आणि आमाला पाणी?" मामा जे रुसले, त्यांना पानावर बसवेस्तोवर माझ्या तोंडाला फेस आला. वन्सं मात्र कोपऱ्यात बसून चुंबक पुसत होत्या. म्हसा गावच्या जत्रेतल्या कुणाच्या तरी मोडक्या स्पीकरमधनं काढलेलं चुंबक ते. पर्समध्ये असतं. पर्सची चेन त्याला चिकटून बसते, मग एसटीत तिकिटाला पैसे काढताना सगळी गाडी खोळंबते.

वन्सं म्हणजे माझी नणंद, कुसुम. कॉलेजात केमिस्ट्री शिकवली, लग्न केलं नाय, आणि रिटायर झाल्यावर किन्हवलीजवळ आमच्या गावी, माझ्या शेजारच्याच खोल्यांत येऊन राहिल्या. त्या पावडरीला त्या नॅनोकंपोझिट म्हणतात.

"सोपं आहे, वहिनी. गिरणीतलं भाताचं तूस बंद डब्यात भाजून कोळसा करायचा. त्यावर लोखंडाचे कण बसवायचे, डोळ्यांना दिसणार नायत इतके बारीक. कोळसा रंग धरतो. चुंबक लोखंड धरतं. सगळं गाठोडं बाहेर. कळलं?"

मी म्हटलं, कळलं. नाय म्हटलं असतं तर पुन्हा तुसापासून सुरुवात.

एकदा ती डबी आमच्या मोरीत राहिली. मला वाटली मशेरी. बोट बुडवलं, दात घासले, चव काय येईना म्हणून आणखी घेतली. तेवढ्यात वन्सं आल्या. डबी बघितली, मला बघितलं. "थुंकू नका. आ करा." आणि चुंबक घेऊन माझ्या तोंडाशी बसल्या. चुंबकाला लागलेलं निरखून म्हणाल्या, "बरीचशी मिळाली." माझी विचारपूस नाय, काय नाय.

आता खरं काय झालं ते ऐक. माझी सून मनीषा घरामागच्या शेडमध्ये ओढण्या रंगवते. आधी ती कंपनीत पॅकिंगला जायची, ते सोडून स्वतःचं काम उभं केलं. गावातल्या बाया येतात हाताशी. पण रंगाचं पाणी जायचं ओढ्यात, आणि ओढ्याच्या खालच्या अंगाला बाळारामची म्हैस.

एक दिवस बाळाराम ओट्यावर येऊन बसला. "काकी, माझी म्हस लिपस्टिक लावून घरी आली. हसू नका. आज तोंड लाल झालंय, उद्या आजारी पडली तर?"

बरोबरच होतं त्याचं. ग्रामपंचायतीनं सांगितलं, पाण्याचं काय ते करा, नायतर शेड बंद. मनीषा पुन्हा पॅकिंगला गेली असती. बाकीच्या बायांना तेवढंही नव्हतं.

वन्सं म्हणाल्या, "लोकांना बोलवा."

लोक जमले. पिंपभर लाल पाण्यात पावडर पडली, ढवळून झालं, चुंबक बुडालं. लाल होतं ते गुलाबी झालं, आणि गुलाबीच राहिलं. बाळारामनं वाकून बघितलं. "आत्या, पाणी लाजलं वाटतं तुमाला."

सगळे हसले. वन्सं चुंबक पुसून खोलीत गेल्या. शेडला कुलूप लागलं.

मग मी वन्संच्या खोलीत भाकरी न्यायची आणि तशीच परत आणायची. एकदा त्यांनी खिडकीतनं विचारलं, "बाया दिसत नायत आज?"

"शेड बंद आहे ना, वन्सं."

"हो की. विसरलेच."

त्या विसरणाऱ्यातल्या नव्हेत गो.

एका दुपारी त्यांनी पिंपातलं पाणी चिमटीत चोळून बघितलं. "बुळबुळीत लागतंय. सोडा आहे यात. रंग पक्का बसायला ही पोरगी सोडा घालते, आणि सोड्यात कोळसा रंग नीट धरत नाय. सरबत आंबट होतं, तिथं जमलं, आणि मी त्याच तोऱ्यात राहिले." माझ्या फळीवरचा लिंबूसताचा डबा उचलला आणि अख्खा पिंपात. पाणी फसफसलं. मग पावडर, मग चुंबक. या खेपेला तळ दिसला.

बाळारामला बोलावलं. "आता पाजू म्हशीला?"

"अजिबात नाय. स्वच्छ दिसलं म्हणून पिण्याजोगं होत नाय. हे पाणी पुन्हा रंगालाच वापरायचं. आणि ही रंग प्यालेली पावडर झाकणाच्या डब्यात. ओढ्यात चिमूटभरसुद्धा जाणार नाय."

"म्हंजी ओढ्यात कायच नाय?"

"कायच नाय."

"मग उघडा की शेड. माझी म्हस काळीच बरी."

तेव्हापासून वन्सं रोज पिंपाशी खुर्ची टाकून बसतात. बाया ओढण्या पिळतात, एकमेकींच्या सासवांचा उद्धार करतात, त्यात मीही येते. वन्सं ऐकतात, मधेच पदराआड हसतात. पाणी म्हणशील तर ते चहा होईस्तोवर नितळ होतं. परवा मनीषा पिंप रिकामं करायला गेली, तर त्या वर न बघता म्हणाल्या, "राहू दे. अजून उतरला नाय रंग."

मनीषानं आत बघितलं. पिंपाचा तळ स्पष्ट दिसत होता. तिनं बादली खाली ठेवली. "बसा आत्या. आमाला कुठं घाई आहे."

आता निघतेस तर नीघ. पण लवकर ये परत, आणि राहायलाच ये. शहापूरहून किन्हवलीची गाडी असते. शेडमध्ये वन्संच्या बाजूला तुझीही खुर्ची टाकते. गप्पा मार हव्या तेवढ्या, पिंपात तेवढी डोकावू नको.