केणीमामाची काकवीची चकती

कशेळीच्या पांडुरंग केणीने मला फसवलं. मालात नाही, वजनात नाही, उधारीत नाही. त्यात मला फसवणारा माणूस भिवंडीत अजून गाळा उघडून बसलेला नाही. मला फसवलं ते एका बिस्किटात, आणि तेही वर्षानुवर्षं, दर शुक्रवारी, समोर बसवून, चहा पाजून.

धामणकर नाक्यावर माझं लूमच्या जुन्या सामानाचं दुकान आहे. सुरुवातीला खांद्यावर पोतं टाकून कारखान्याकारखान्यांतून मागाचे मोडके धोटे गोळा करायचो, आता स्वतःचा गाळा आहे. गिऱ्हाईक पायरी चढतानाच त्याला काय हवंय आणि तो कुठे नमेल, हे मला कळतं. केणीमामा पायरी चढला तेव्हा मात्र काहीच कळलं नाही.

त्याच्या हातात लोखंडाच्या दोन जाड गोल चकत्या होत्या. बिजागरीने जोडलेल्या, हातभर दांड्यांच्या, आतून लुंगीच्या कापडासारखा बारीक चौकडा कोरलेल्या. बिजागरीची खीळ तुटली होती. कापडावर छाप मारायचं काहीतरी असेल असं वाटून मी म्हटलं, "भंगार आहे मामा. वजनावर घेतो."

त्याने तो साचा छातीशी धरला. "तुजी बायको इकशील का वजनावर?"

ओळख ना देख! माझं डोकं फिरलं. हातातला पाना मी गल्ल्यावर असा आपटला की समोरचा पानवाला उठून उभा राहिला. पण मामा जागचा हलला नाही. शेवटी मीच नवी खीळ बसवून दिली आणि रागाने मजुरी दुप्पट सांगितली. आता घासाघीस होईल म्हणून मी मांडी ठोकून बसलो, तर हा म्हणतो, "मजुरी खाऊन बघ. शुक्रवारी ये."

मामा बोटीवर भंडारी होता, म्हणजे खलाशांचा स्वयंपाकी. उमेदीची सगळी वर्षं हॉलंडच्या मालवाहू बोटीवर गेली. एकदा लग्न ठरलं होतं, पण बोट बंदराला लागेपर्यंत मुलगी दुसऱ्या घरी नांदत होती. "तिचा काय दोष? बोटीलाच उशीर झाला," एवढंच तो सांगायचा. कशेळीला बहीण होती, पण हा राहायचा आमच्या गल्लीच्या टोकाला, एका खोलीत. खोलीत एक खाट, एक शेगडी आणि तो साचा.

शुक्रवारी लूम बंद. एरवी गावभर चालणारी खडखड थांबली की कानात दडे बसल्यासारखं वाटतं. मामाचा नियम असा, की चकती करायची ती याच दिवशी. "लूम चालू असला की जमीन हालते, जमीन हालली की सुरी हालते." मधल्या वारी कधी वीज गेली तर सगळी भिवंडी वीज कंपनीच्या नावाने शंख करायची आणि हा एकटा हात जोडून म्हणायचा, "वा! काय शांत वाटतंय!" त्यामुळे कारखानदारांचा मार तो किती वेळा खाता खाता वाचला असेल, कोण जाणे.

त्या पहिल्या शुक्रवारी मी मजुरी वसूल करायला गेलो. मामाने मैदा, लोणी, साखर, दालचिनी आणि पाववाल्याकडचं खमीर घालून मळलेला गोळा उघडला. लिंबाएवढी गोळी साच्यात ठेवून दांड्या दाबल्या. चर्र झालं आणि खोलीभर असा वास सुटला की मी मजुरी विसरलो. साचा उघडला तर आत सोनेरी चौकड्याची, पापडाहून थोडी जाड चकती. पुढचं मला दिसलंच नाही. शेगडीवर काकवी उकळत होती आणि मामा ओरडला, "काकवीवर नजर ठेव, ऊतू जाईल!" मी वळून पाहीपर्यंत चकती मधून आडवी चिरून तिच्या दोन चकत्या झाल्या होत्या, आत काकवीचा थर बसला होता आणि दोन्ही पुन्हा एक झाल्या होत्या. जोड दिसेना. धोट्यावरची चीर बोटाने ओळखणारा माणूस मी, पण मलाही कुठे धार लागली ते सापडेना.

"हॉलंडचे लोक हिला स्ट्रोपवाफेल म्हनतात," मामा म्हणाला. "तिकडं पाक वेगळा. आपली काकवी सरस हाय."

मी घास घ्यायला गेलो तर त्याने हात धरला. वाफाळत्या चहाच्या ग्लासावर चकती झाकणासारखी ठेवायची म्हणे. ग्लासाचं तोंड लहान, चकती कलली आणि चहात गेली. मामाचा चेहरा असा झाला, जणू माणूस बुडाला. पुढच्या शुक्रवारी माझ्यासाठी कप हजर होता, चकतीच्या मापाचा.

एकदा माझ्याबरोबर लूम दुरुस्त करणारा रफीकभाई जॉबर आला होता. त्याने चकती उचलली आणि सवयीने चहात बुडवली.

"बुडवायची न्हाय!" मामा कडाडला. "ठेवायची! वाफ लागू दे!"

"अरे चाचा, बिस्कुट है या सालन का ढक्कन?" रफीकभाई म्हणाला. त्याला परत बोलावणं आलं नाही.

पण वाफ लागलेली ती चकती! वरून कडक, खालून मऊ, आणि मधली काकवी जिभेवर आल्यावर दालचिनी हळूच मागून येते. मी ठरवलं, हे नाक्यावर विकायचं. लोक रांगा लावतील. सौदा झाला: काकवी मी आणायची, कला मामाने शिकवायची. गुळाच्या ट्रकवाल्यांशी भांडून मी कोल्हापूरची पहिल्या धारेची काकवी आणत राहिलो.

मळणं आलं, भाजणं आलं. अडलं ते चिरण्यावर. मामा स्वतःची चकती चिरायला घेई, तेव्हा नेमकी काकवी ऊतू जायला आलेली असायची आणि मी तिकडे बघत असायचो. माझी चकती साच्यातून निघाली की मामा ती फळीवर ठेवायचा आणि म्हणायचा, "थांब. घाई करू नको. रॉटरडॅमला एकदा काय झालं..." मग बर्फात रुतलेली बोट, कप्तानाची मांजर, डाळीत पडलेलं कप्तानाचं घड्याळ. गोष्ट संपली की तो सुरी माझ्या हातात द्यायचा. मी टेकवली रे टेकवली की चकतीचे तुकडे.

"शेठ, तुजा हात भाव करनारा," मामा मान हलवायचा. "कापनारा न्हाय. बघू पुढच्या शुक्रवारी."

मी चिडायचो, सुरी फेकायचो, पुन्हा येणार नाही म्हणायचो. आणि शुक्रवारी यायचो. घरी बायकोच्या पोळ्या चिरून सराव केला. ती माहेरी जाते म्हणाली.

गेल्या आठवड्यात मामाची भाची पुष्पा दुकानात आली. तिचं लग्न ठरलंय. हातात डबा. "शेठकाका, बघा बरं जमल्यात का?"

डब्यात चकत्या. एकसारख्या, जोड न दिसणाऱ्या.

"तू केल्यास? कधी शिकलीस?"

"मंगळवारी. मामाकडे गेले होते ना दुपारी."

"मंगळवारी तर लूम चालू होते!"

"मग? लुमाचं काय त्यात?"

मी डब्यातली एक चकती उलटसुलट करून पाहिली. "आणि थंड झाल्यावर चिरलीस ती फुटली कशी नाही?"

ती खो खो हसली. "थंड झाल्यावर कशी चिरणार काका? काचेसारखी फुटेल. साच्यातून काढली की लगेच, हात भाजत असतानाच चिरायची." मग गल्ल्याजवळ वाकून हळू आवाजात म्हणाली, "मी सांगितलं म्हणू नका हं. मामा म्हणाला, शेठला बोलू नको. तो शिकला की नाक्यावर दुकान टाकील. मग शुक्रवारी कोन येनार?"

डोळ्यांपुढून बोट गेली, मांजर गेली, डाळीतलं घड्याळ गेलं. एकेक गोष्ट माझी चकती थंड करायला सांगितलेली! भिवंडीतल्या भल्याभल्यांना मी बोलण्यात गुंतवून माल गळ्यात मारला, आणि मला गुंतवलं एका भंडाऱ्याने!

शुक्रवारी मी दार लाथेनेच उघडलं. "मामा, जाब द्या!"

मामा पाठमोरा होता. चहा ओतत होता. दोन कप, एक त्याचा बोटीवरचा, एक माझा. त्याने दोन्हींवर चकत्या ठेवल्या, नीट मधोमध.

"बस," तो म्हणाला. "आदी वाफ लागू दे. मग बोल काय ते."

मी बसलो. त्याने साच्यातून माझ्या वाटणीची चकती काढून फळीवर ठेवली. तिच्यातून वाफा निघत होत्या. सुरी माझ्या हाताशी होती. "रॉटरडॅमला एकदा काय झालं..." त्याने सुरू केलं. या वेळी गोष्टीत कप्तानाची सासू होती. ती मी ऐकलेली नव्हती. वाफा थांबल्या, चकती कडक झाली, आणि कप्तानाची सासू अजून धक्क्यावरच उभी होती.

जाब राहून गेला. पण मी सोडणारा माणूस नाही. आज शुक्रवार आहे, लूम थांबलेत, काकवीचा डबा मी पिशवीत घातलाय. मला उत्तर हवंय, आणि ते मिळेपर्यंत एकही शुक्रवार मी सोडणार नाही. पांडुरंग केणी, जाब द्या!