वापरलेली दुपार

देशातून दुपार काढून टाकली त्याला आता साडेपाच महिने झाले. साडेबारा वाजतात आणि पुढच्या मिनिटाला चार. मध्ये काही नसतं. कडुनिंबाची सावली बुंध्यापाशी असते, ती एकदम नानाच्या हॉटेलाच्या पायरीवर दिसते. सुरुवातीला म्हशी बुजायच्या. आता बुजत नाहीत.

हे कुणी वरून लादलेलं नाही. रीतसर सार्वमत झालं होतं. दुपार ठेवायची की काढायची, एवढाच प्रश्न. ठेवावाल्यांची निशाणी उशी, काढावाल्यांची शिट्टी. दोन महिने गावात कुणी कुणाशी धड बोललं नाही. एका लग्नात वऱ्हाड उशीचं आणि मांडव शिट्टीचा निघाला, तर नवरा-नवरीकडचे पाठीला पाठ लावून जेवले. शेवटी देशात शिट्टी जिंकली, थोडक्यात जिंकली, आणि दिवाळीच्या पाडव्यापासून दुपार बंद झाली.

आमच्या गावात शिट्टीला अकराशे त्रेसष्ट मतं पडली. उशीला सातशे चाळीस. ग्रामपंचायतीच्या बोर्डावर आकडे अजून आहेत. पण आज गावात कुणालाही विचारा, त्यानं उशीलाच मत दिलेलं असतं. एकोणीसशे तीनच्या एकोणीसशे तीन माणसांनी उशी दाबली आणि शिट्टी आपोआप वाजली, असा हिशेब आहे.

हॉटेलवाला पुंजाराम नाना तर शपथ घेतो.

"मी उशीवर बोट असं दाबलं, असं दाबलं, की मशीन टेबलात गेलं."

"नाना, दोन महिने तुझ्या गळ्यात शिट्टी होती."

"ती कुत्र्याची होती."

"तुझ्याकडं कुत्रं कुठंय?"

"म्हणूनच तर वाजवायचो. येतंय का बघायला."

सगळ्यांचंच काही ना काही गेलं आहे. यंदाच्या उन्हाळ्यात कुणाचे पापड वाळले नाहीत. गच्चीवर टाकले की चार वाजतात. कुरडया ओल्याच्या ओल्या खाली येतात आणि बायका नवऱ्याकडं असं बघतात की नवरा उठून पारावर जाऊन बसतो. नवीन लग्न झालेली पोरं पारावर आधीपासूनच बसलेली असतात. त्यांची तक्रार वेगळी आहे, पण ती कुणी मोठ्यानं बोलत नाही.

मी शिट्टीला मत दिलं. मी ते सांगतो. मला लपवाछपवी जमत नाही आणि माझं कारणही सगळ्या गावाला माहीत आहे.

माझा थोरला भाऊ मच्छिंद्र, मी त्याला दादा म्हणायचो. आमचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान. मी सातवीत शाळा सोडली, कारण मास्तरनं दादाला माझ्यासमोर गाढव म्हटलं आणि मी मास्तरच्या सायकलची हवा सोडली, चाकासकट. मग दादानं मला वायर गुंडाळायला शिकवलं. तो एकोणतीस वर्षांचा होता. गेल्या चैत्रात, वद्य पंचमीला, तो मळ्यातल्या विहिरीतून मोटर वर काढायला एकटाच गेला. साखळी धरायला दुसरा माणूस लागतो. दुसरा माणूस मी. मी जेवून ओसरीवर खाटेवर झोपलो होतो. त्यानं मला दोन फोन केले, एक दोन चाळीसला, एक दोन त्रेचाळीसला. मग वाट बघून एकट्यानंच साखळी ओढली. ती सुटली. मी साडेचारला उठलो, फोन बघितला आणि म्हणालो, दादाला काय काम असंल, चहा पिऊन करतो.

तेव्हा त्याला वर काढून झालं होतं.

दोन महिन्यांनी सार्वमत आलं. लोक विचार करून मत देतात म्हणे. मी आत गेलो, शिट्टी दिसली, दाबली. नऊ सेकंद लागले असतील. त्यातले पाच शाई लावायला. बाहेर आलो तेव्हा बरं वाटलं. पाडव्याला दुपार बंद झाली तेव्हा त्याहून बरं वाटलं. रोज अडीच-पावणेतीनला माझा हात आपोआप फोनकडं जायचा, तो जायला आता जागाच उरली नव्हती.

मग चैत्र आला. आईनं मुळे गुरुजींना बोलावलं.

गुरुजी पंचांग उघडून बराच वेळ बसले. मग मिटून ठेवलं.

"वर्षश्राद्ध होत नाही," ते म्हणाले.

"का?" आई म्हणाली.

"अपराह्णकाळ लागतो, माई. म्हणजे दुपार. सकाळी केलं तर त्याला पोचत नाही. संध्याकाळी केलं तर राक्षस खातात."

"मग लोक काय करतात?"

"काही करत नाहीत. त्यांची माणसं पाच महिन्यांपासून मधेच ताटकळलीत. ना इकडं, ना तिकडं."

आईनं माझ्याकडं बघितलं नाही. तिनं उशीला मत दिलं होतं, खरोखर. ती उठली आणि दादाचा डबा, जो रोज घासून फळीवर ठेवते, तो पुन्हा घासायला घेतला. एवढंच केलं. मला वाटलं, एक कानाखाली दिली असती तर बरं झालं असतं.

मी गुरुजींना म्हणालो, "दुपार काढताना तुम्ही काही बोलला नाहीत ते?"

गुरुजींनी उपरणं झटकलं. "गोरख, मी तीस वर्षं लोकांच्या बापांसाठी तीन वाजेपर्यंत उपाशी बसलोय. पित्त झालंय मला. मी शिट्टी दाबली."

"तुम्ही?"

"हळू बोल."

दुसऱ्या दिवशी मी आणि गुरुजी तालुक्याला गेलो. पस्तावा कक्ष, म्हणजे शिट्टी दाबून पस्तावलेल्यांना दुपार परत मागता येते ती कचेरी, जुन्या गोदामाच्या पुढच्या खोलीत आहे. ढाकणे मॅडम म्हणून बाई बसतात. खोलीत आमच्याशिवाय कुणी नव्हतं. मॅडम म्हणाल्या, कक्ष उघडल्यापासून आम्ही सातवे आणि आठवे.

"शिट्टीलाच मत दिलं होतं ना? उशीवाल्यांना पस्तावता येत नाही. त्यांचं मत बरोबर होतं, त्यामुळं त्यांना काही मिळत नाही."

"शिट्टीलाच."

"नाव बोर्डावर लागेल. ग्रामपंचायतीच्या बाहेर. फोटोसकट."

गुरुजींनी उपरणं तोंडावर ओढलं. मी म्हणालो, लावा.

"पस्तावा पूर्ण की अंशतः?"

"म्हणजे?"

"साडेबारा ते चार, यातल्या किती वेळाचा?"

मी विचार केला. विचार करायची मला सवय नाही, त्यामुळं वेळ लागला. "सगळ्याचा," मी म्हणालो. "फक्त दोन चाळीस ते तीन सोडून."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "दुपारीला मधे भोक पाडून देता येत नाही."

"मग दीडपर्यंतची द्या."

"दीडपर्यंत अपराह्ण लागत नाही," गुरुजी म्हणाले.

"साडेतीननंतरची द्या."

"सुरुवातीपासून घ्यावी लागते," मॅडम म्हणाल्या. "आणि आधीच सांगते, नवी दुपार मिळणार नाही. नवीन तयार होणं बंद आहे. मागं शिल्लक साठा आहे, त्यातली मिळेल. जुनी. वापरलेली."

"कधीची?"

"जी हाताला लागेल ती. पाच वर्षांपूर्वीची असू शकते, गेल्या सालची असू शकते. तारीख निवडता येत नाही. एक अर्ज, एक दुपार, तीही अर्जदारापुरती."

मी उठून उभा राहिलो. "आणि तीच आली तर?"

"तीच कुठली?"

मी त्यांचं शाईचं पॅड उचललं आणि भिंतीवर फेकलं. मग बाहेर गेलो. गोदामाच्या जाळीतून आत बघितलं. रॅकवर रॅक होती आणि त्यावर दुपारी ठेवलेल्या होत्या. धग जाणवत होती. कुठल्या तरी एकीतून कावळ्याचा आवाज येत होता, कुठल्या तरी एकीतून रेडिओवरची जुनी गाणी.

मला दादाचा डबा घासताना आई दिसली. दादा मधेच कुठंतरी ताटकळत उभा आहे, साखळी हातात, हेही दिसलं. त्याला उभं राहायचा कंटाळा होता. दुकानात गिऱ्हाईक आलं तरी तो बसूनच बोलायचा.

मी परत आत गेलो. गुरुजी भिंत पुसत होते.

"पूर्ण," मी म्हणालो. "पूर्ण पस्तावा."

मॅडमनी शाई लागलेला माझा अंगठा तसाच घेतला. पॅड फुटल्यामुळं वेगळी शाई लावायची गरज पडली नाही. गुरुजींनी सही केली. दोघांचे अर्ज एकत्र टाचले, म्हणजे दोघांना एकच दुपार. पंचमीला साडेबाराला घरपोच.

बोर्डावर फोटो लागले त्या दिवशी अख्खं गाव वाचून गेलं.

"तरी म्हटलं, दुपार घालवली कुणी," नाना म्हणाला. "ह्या दोघांनी!"

"आम्ही दोघं. बाकीचे अकराशे एकसष्ट कोण रे नाना?"

"बाहेरगावचे असतील."

एक म्हातारी गुरुजींसमोर ओला पापड धरून उभी राहिली. गुरुजी चार दिवस मागच्या दारानं जात होते. पाचव्या दिवशी नानानं मला हॉटेलच्या मागं बोलावलं, चहा पुढं केला आणि हळूच विचारलं, "त्या अर्जावर फोटो लावायचाच असतो का? का पाठमोरा चालतो?"

पंचमीला आईनं पहाटेपासून सगळा स्वयंपाक केला. भात, वडे, दादाला आवडायची ती गवारीची भाजी. बारा पंचवीसला तिनं माझ्या हातात पिंडाच्या भाताचं ताट दिलं.

"मी काही तिथं नसणार," ती म्हणाली. "तुम्ही नीट करा. चारला मी पानं वाढते."

"आई," मी म्हणालो.

"जानवं उजवीकडं घ्यायला विसरू नको. तू विसरतोस."

"आपल्यात जानवं नसतं."

"मग उपरणं. काहीतरी घे." तिनं माझ्या खांद्यावरचं उपरणं उजव्या खांद्यावर टाकून दिलं, हात तिथंच ठेवला, आणि साडेबारा वाजले.

आई नव्हती. एक वाजायला एकोणतीस मिनिटं होती.

दुपार आली होती. मी विसरलो होतो ती कशी असते. पत्रा तडतडत होता. गल्लीत चिटपाखरू नव्हतं, आणि प्रत्येक बंद दारामागून घोरणं ऐकू येत होतं. नानाचं तर हॉटेलातून रस्त्यापर्यंत येत होतं. गुरुजी अंगणात उभे होते. त्यांनी डोळे मिटून घेतले होते.

"चांगली आहे," ते म्हणाले. "कधीची असेल?"

मी गच्चीकडं बघितलं. दोरीवर आईच्या दोन साड्या होत्या. खाली धोतरावर पापड घातलेले. खडखडीत वाळत होते. आईनं पापड घातले ते गेल्या चैत्रात. पंचमीला सकाळी घातले आणि मावशीकडं गेली. कोपऱ्यावर कडुनिंबाची मोठी फांदी होती, जी आषाढात तुटली. दुकानापुढं दादाची सायकल नव्हती.

"गेल्या सालची," मी म्हणालो.

गुरुजींनी माझ्या तोंडाकडं बघितलं. त्यांनी दर्भ काढले. दीड वाजता सुरुवात केली. मी ते म्हणतील ते म्हणत गेलो. बापाचं नाव, आज्याचं नाव, गोत्र मला माहीत नव्हतं तर त्यांनी कश्यप घातलं. ओसरीवर माझी खाट होती, वाकळ टाकलेली, उशीला खळगा पडलेला. रिकामी होती. झोपणारा मीच होतो आणि मी तर अंगणात बसलो होतो.

अडीच वाजले. गुरुजींनी भाताचा गोळा माझ्या हातात दिला.

"आता मच्छिंद्राचं नाव घे आणि दर्भावर ठेव."

माझा हात पुढं झाला नाही.

"गोरख, ठेव."

"थांबा जरा."

"काळ जातोय रे."

"जाऊ द्या. थोडाच थांबा."

भात हातात गार झाला. घाम नाकावरून त्यात पडला. दोन अडतीस. दोन एकोणचाळीस. डावा हात खिशाकडं गेला, रोज जायचा तसा.

खिशातला फोन वाजला.

स्क्रीनवर दादा लिहिलेलं होतं. मी डाव्या हातानं उचलला. उजव्यात पिंड होता.

"काय रे गोऱ्या," दादा म्हणाला. "पहिल्या रिंगला उचलला? झोपला नाहीस?"

"नाही."

"तब्येत बरी आहे ना?"

"बरीय."

"मग ये की इकडं. मळ्यातली मोटर काढायचीय. साखळी धरायला माणूस नाही."

"दादा, साखळीला हात लावू नको."

"अरे तू येईपर्यंत निम्मी वर घेतो—"

"हात लावायचा नाही म्हणून सांगितलं ना! खाली बस. झाडाखाली बस. मी येईपर्यंत उठलास तर बघ."

तो हसला. "बसलोय बाबा. ओरडतोस काय. येताना पाणी आण."

फोन ठेवला. गुरुजी पळी हातात धरून बसले होते.

"पिंड?" ते म्हणाले.

मी भाताचा गोळा परत ताटात ठेवला. गुरुजींनी क्षणभर ताटाकडं बघितलं, मग त्यावर केळीचं पान झाकलं.

"पस्तावा पूर्ण लिहिलाय ना आपण?" त्यांनी विचारलं.

"पूर्ण."

"मग जा."

मी माठातून बाटली भरली, गुरुजींची सायकल घेतली आणि टांग टाकली. मळा दोन किलोमीटर आहे. उपरणं उजव्या खांद्यावर होतं, ते डाव्यावर घेतलं. रस्ता तापला होता, सगळी दारं बंद होती, नाना घोरत होता. घड्याळात दोन चव्वेचाळीस झाले होते. चार वाजायला अजून बराच वेळ होता.