सरकीचा पाय

आम्ही नवराबायकोनं मिळून शेवटचं काम केलं ते म्हणजे सेठच्या गॅरेजच्या शटराखाली पाय ठेवला. घाबरू नका, पाय खरा नव्हता. जुन्या लुगड्याच्या तुकड्यात सरकी ठासून माझ्या बायकोनं, यमुनानं, तो शिवला होता. टोकाला माझी झिजलेली चप्पल. त्या संध्याकाळी तिनं तो उंबऱ्यावर आडवा ठेवला आणि म्हणाली, "दाबा बटन." शटर खडखडत खाली आलं, पायावर टेकलं, जरा विचार केला आणि वर गेलं.

"आज उशिरा गेलं," यमुना म्हणाली.

"गेलं ना पन?"

"गेलं. पन दाबून गेलं."

मग ती भाकरी टाकायला गेली आणि मी गाडी पुसली. बस, एवढंच. ती असती तर असं चारचौघांत तिचं नाव घेऊ दिलं नसतं.

मी देवळीला एका कापसाच्या व्यापाऱ्याकडे ड्रायव्हर होतो. गॅरेजला लागूनच आमची खोली. सेठ एकदा मुंबईला गेले आणि विजेवर चालणाऱ्या शटराचं वेड घेऊन आले. नागपूरच्या मिस्त्रीनं ते बसवलं. एक बटन गॅरेजात, दुसरं सेठच्या बैठकीत. पाहुणे आले की सेठ चहाचा कप न सोडता बटन दाबत आणि तिकडे शटर आपोआप खाली. शटराच्या कडेला रबराची पट्टी होती. तिला काही टेकलं तर शटर थांबून परत वर जाईल, असं मिस्त्री सांगत होता.

सगळ्यांनी माना डोलावल्या. यमुना घरात गेली आणि कोहळं घेऊन आली. ठेवलं उंबऱ्यावर. शटर टेकलं, वर गेलं. मिस्त्री हसला, "बाई, पटलं ना?"

"आज पटलं. उद्याचं उद्या पाहू. दाराले काय ठावूक?"

हे तिचं ठरलेलं. "दाराले काय ठावूक, खाटेले काय ठावूक, दोराले काय ठावूक." पाहुणा खाटेवर बसायच्या आधी ही स्वतः बसून हिसका देऊन पाहायची. वडनेरला पोरीची सोयरीक पाहायला गेलो, तर बाकीच्या बाया घरातली भांडी मोजत होत्या आणि ही मागच्या विहिरीवर जाऊन रहाट ओढत होती.

"इहीनबाई, तहान लागली का जी?" तिकडच्या बाईनं विचारलं.

"नाई जी. पोरगी रोज ओढन, म्हून पाह्यलं. दोर बदलवा, मंग तारीख काढू."

दोर बदलला. मग तारीख निघाली. माझी हिंमत झाली नसती.

शटराची तिला काळजी होती ती माजींमुळे. माजी म्हणजे सेठची आई. काडीसारख्या बारीक, कानानं बहिऱ्या. गॅरेजच्या उंबऱ्यावर गार वाटतं, रस्ता दिसतो, म्हणून दुपारभर तिथंच बसत, तिथंच डुलकी घेत. सेठनं आत पंख्याखाली खाट टाकून दिली, पण माजी तिथं टिकत नसत. आत कोणी त्यांच्याशी बोलत नसे. बोलायचं म्हणजे ओरडावं लागे. यमुना ओरडायची, साऱ्या आळीला ऐकू जायचं. आणि बैठकीतून बटन दाबणाऱ्याला उंबरा दिसत नव्हता.

कोहळी संपली तेव्हा तिनं पाय शिवला. एकदा हिंगणघाटचा दलाल आला. त्यानं शटराखाली चप्पल घातलेला पाय पाहिला आणि "मेला! मेला!" करत थेट सडकेवर पळाला. सेठ तावातावानं आले.

"यमुनाबाई, ये टांग हटाव यहाँ से!"

"हटवतो ना सेठ. पयले माजीले हटवा."

सेठ आल्या पावली परत गेले. माजींना हटवणं त्यांच्या बापालाही जमलं नव्हतं. पाय राहिला.

पुढं पट्टीचं रबर कडक झालं. शटर परत जायचं, पण टेकल्यावर दाबायचं. यमुना सेठच्या मागं लागली. सेठनं मिस्त्रीला निरोप धाडले. दर वेळी उत्तर एकच, पुढच्या आठवड्यात येतो.

आम्ही तो पाय ठेवला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच यमुना गेली. चुलीपुढं बसल्या बसल्या. डॉक्टर छातीचं काही बोलला, मी ऐकलं नाही. बाया तिला आंघोळ घालत होत्या. शेजारची कमल बाहेर आली आणि माझ्यासमोर उभी राहिली.

"भाऊ, खरं सांगा. तुमी तिले मारत होते का?"

"मी? तिले?"

"मंग हातावर वळ कायचे हायेत?"

मी आत जाऊन पाहिलं. कोपराच्या खाली आडवे वळ. काही जुने पिवळे, काही ताजे निळे. सारे एकाच रुंदीचे. शटराच्या पट्टीच्या.

माजी दाराशी बसल्या होत्या. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. "रोज दोपहर को बटन दबाती थी और हाथ रखती थी," त्या म्हणाल्या. "मैं बोली, पगली, क्यूं? तो मेरा हाथ पकड के अपने हाथ से नापी. चिल्ला के बोली, माजी, सरकी को दुखता नहीं, वो क्या बताएगी?"

मी तडक सेठकडे गेलो. म्हटलं, बटन दाबू नका. सेठनं मान डोलावली, म्हणाले, कल फिर निरोप भेजते हैं. मग आम्ही तिला घेऊन गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात लोक बसायला यायला लागले होते. मी टोपी घातली. वडनेरहून आलेली पोरगी आडवी आली.

"बाबा, राख सावडाची हाय. लोक येऊन राह्यले. तुमी कुठं चालले?"

"नागपूरले. दुपारपावतर येतो."

पहिली गाडी धरली. मिस्त्री दारातच दात घासत होता. मला पाहून खूश झाला. "अरे ड्रायव्हरसाहेब! पुढच्या आठवड्यात येनारच होतो ना. या, आत या, चाय घ्या."

"मले सुतक हाय," मी म्हटलं. "मी आत येत नाई. तुमी चूळ भरा आन् बाहेर या."