एक मात्रा जास्त

मुलांनो, जरा डोळ्यांसमोर आणा. भर दुपार आहे. शाळेची खोली रिकामी, वर पंखा कुरकुरतोय. तुम्ही शिक्षक आहात आणि सातवीतल्या एका मुलीचा निबंध मोबाईलवर उघडलाय. विषय, 'माझे आजोबा'. पहिलंच वाक्य असं:

'माझे आबा मेले रोज सकाळी उठवतात.'

राखी मॅडमनी चष्मा पुसला. पुण्याहून बदली होऊन नांदुऱ्याला येऊन त्यांना जेमतेम आठवडा झाला होता. त्या पुढे वाचू लागल्या. 'आबा मेले शाळेत सोडतात. मी झोपली की आबा मेले पांघरूण घालतात. आबा मेले म्हणतात, तू घाबरू नको, मी तुझ्या मागंच आहे.'

पंखा एकदम थांबला. लाईट गेली होती, बाकी काही नाही. पण मॅडमनी मागे वळून पाहिलंच.

शाळा सुटल्यावर त्यांनी मंजुश्रीला जवळ बोलावलं. "बाळ, तुझे आबा... तुला अजून दिसतात?"

"हो मॅडम. रोजच दिसतात."

"बोलतात?"

"लय बोलतात. आई म्हणते, चूप बसा आता. तरी बोलतात."

"आत्ता कुठे आहेत?"

"ते काय, गेटपाशी. पांढऱ्या कपड्यात."

मॅडमनी पाहिलं. गेटपाशी कोणीही नव्हतं. आबा पानाची पिंक टाकायला कडुनिंबामागे गेले होते, हे मॅडमना कसं कळणार? त्यांनी मंजूच्या डोक्यावरून हात फिरवला. 'पोरीनं फार मनाला लावून घेतलंय,' त्या स्वतःशी म्हणाल्या, आणि त्यांनी तोच निबंध निवडला.

मंजूला आकाश ठेंगणं झालं. कारण ज्याचा निबंध निवडला जाईल, त्याच्या आजोबांना शनिवारी शाळेतल्या आजी-आजोबांच्या कार्यक्रमात स्टेजवर शाल मिळणार होती. दयाराम आबांचा जन्म जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, कापसाचे बोजे उचलण्यात गेला होता. त्यांच्या खांद्यावर शाल कधी कोणी घातली नव्हती.

आता हे झालं कसं, ते ऐका. मंजूची आधीची वही मॅडमनी 'शुद्ध लिही' असा शेरा मारून परत केली होती. मंजूच्या घरी प्रसेनजितदादाचा जुना संगणक होता आणि त्यात काळ्या पडद्याचा एक एडिटर. त्यात मजकूर लिहिता येई, आणि मजकुराचं काय करायचं याचे हुकूमही लिहिता येत. दादानं तिला तीन गोष्टी शिकवल्या होत्या. लिस्ट म्हणजे आगगाडी. वाक्य तोडलं की एकेक शब्द एकेका डब्यात. डिक्शनरी म्हणजे शब्दांच्या जोड्या, डावीकडे एक, उजवीकडे एक. आणि फंक्शन म्हणजे पिठाची चक्की, वरून टाका, खालून घ्या. मंजूचं फंक्शन गाडीचा प्रत्येक डबा उघडे. आतला शब्द डिक्शनरीत डावीकडे सापडला तर त्याच्या जागी उजवीकडचा ठेवी, नाही सापडला तर तोच राहू देई, आणि डबे पुन्हा जोडून टाकी.

डावीकडे तिनं घरातले शब्द लिहिले. उजवीकडचे मात्र एडिटरमधल्या शुद्धलेखनाच्या मदतनीसाला विचारून भरले. 'तुले' म्हटल्यावर त्यानं सुचवलं 'तुला'. 'त्याले'ला 'त्याला'. दोन्ही बरोबर निघाले, म्हणून मंजूनं पुढे पाहणंच सोडलं. आणि मग आला 'मले'. बिचाऱ्या एडिटरनं वऱ्हाडी बोली कधी ऐकली नव्हती. त्यानं एक मात्रा वाढवली आणि जवळचा शब्द देऊन टाकला. लाईट जायची वेळ झाली होती. मंजूनं निबंध न वाचताच आबांच्या फोटोसकट पाठवून दिला.

शनिवारी आबा धुतलेलं पांढरं धोतर, पांढरा सदरा घालून आले आणि शेवटच्या रांगेत बसले. चष्मा घरीच राहिला होता. स्टेजवर एका फोटोला हार घातला होता, पुढे मेणबत्ती जळत होती. वारा नसतानाही तिची ज्योत हलत होती.

मॅडम जड आवाजात म्हणाल्या, "आपण सर्वांनी दोन मिनिटं उभं राहूया."

सगळे उभे राहिले. आबाही राहिले. त्यांनी शेजारच्या जानरावांना हळूच विचारलं, "कोन गेलं हो?"

परगावहून नातवासाठी आलेले जानराव कुजबुजले, "दयाराम म्हनून होता कोनी. लय चांगला मानूस होता म्हनतात."

"मायाच नावाचा!" आपल्याच नावाचा माणूस गेला म्हणून आबा हळहळले, आणि त्यांनी मान आणखी खाली घातली.

मग मंजूला वाचायला बोलावलं. तिची नजर मेणबत्तीवर होती, फोटोवर गेली नाही. तिनं कागद धरला. "माझे आबा मे..."

ती थांबली. पुन्हा पाहिलं. मग वर फोटोकडे पाहिलं.

तेवढ्यात पाठीमागून खणखणीत आवाज आला, "मंजू, जोरानं वाच नं वं! मले काहीच आयकू येऊन नाही राह्यलं!"

मॅडमनी वळून पाहिलं. पांढरी आकृती रांगांमधून सरळ त्यांच्याकडेच चालत येत होती. माईक हातातून सुटला आणि भोंग्यातून असा काही हंबरडा निघाला की पहिल्या रांगेतल्या आज्या खुर्च्यांवर चढल्या.

आबा स्टेजवर चढले, फोटोला नाक लावून पाहिलं. "फोटो बेस निंगाला. पन हार काऊन घातला?"

"तुम्ही... आहात?" मॅडमच्या तोंडून कसंबसं फुटलं.

"आता हाव. मंघाशी उभा होतो नं, दोन मिनिटं. माया लक्षातच नाही आलं, मायासाठीच होतं म्हून."

"पण हिनं लिहिलंय, आबा मेले!"

"मेले नाही हो मॅडम," मंजू रडवेली होऊन म्हणाली, "मले. म्हणजे मला. आमच्या घरी मलेच म्हणतात. तुम्हीच तर शुद्ध लिही म्हणाल्या होत्या, म्हणून मी संगणकाकडून शब्द बदलून घेतले."

घरच्यांना द्यायला आणलेली शाल तोंडाशी धरून मॅडम खुर्चीत बसल्या. थोड्या वेळानं त्यांच्या हातातली शाल हलायला लागली, तेव्हा कळलं की त्या हसतायत. त्यांनी उठून ती आबांच्या खांद्यावर घातली आणि म्हणाल्या, "मंजू, तू आधी लिहिलेला निबंध वाच. न बदललेला."

मंजूनं फोटोवरचा हार काढून आबांच्या गळ्यात घातला, फुंकर मारून मेणबत्ती विझवली, आणि कागद बाजूला ठेवून, पाठ होतं तसं म्हणून दाखवलं: "माझे आबा मले रोज सकाळी उठवतात."

संध्याकाळी तिनं एडिटर उघडला आणि डिक्शनरीतली ती जोडी शोधली. डावीकडे होतं 'मले'. उजवीकडचं 'मेले' तिनं पुसलं. मागे आबा शाल पांघरून उभे होते. मग मंजूनं उजवीकडेही लिहिलं, 'मले'.