कांबळे मॅडम आणि त्यांचा पैलवान

"पूजा कुठल्या हॉलला आहे रे?" रांगेत आमच्या मागे उभा असलेला एक जण मित्राला म्हणाला आणि दोघं हसले.

त्यांची तशी चूक नव्हती. अंधेरीच्या त्या अवाढव्य हॉलमध्ये फायटिंग गेम्सची मोठी स्पर्धा होती. जिकडे तिकडे काळे टी-शर्ट, आणि मधोमध इरकली साडीतल्या कांबळे मॅडम, काखेत लाकडी पाट घेऊन. त्या पाटाला बारा बटणं आहेत, हे पाट वळवल्याशिवाय दिसत नाही. भोकं सुताराकडून पाडून घेतली, बटणं आणि वायरी मॅडमनी स्वतः बसवल्या. "विकतचा कंट्रोलर मांडीवर हलतो," असं त्यांचं म्हणणं.

मी मागे वळून काही बोलले नसते. मी सहसा बोलत नाही. मॅडम वळल्या.

"पूजा नाही, मॅच आहे. आणि तू मान वर करून उभा राहा."

मान वर. मुलुंडला तीस वर्षं टायपिंगचा क्लास चालवताना त्यांनी दुसरं काही सांगितलं असेल असं मला वाटत नाही. बटणांकडे बघायचं नाही, बस. आम्ही समोरासमोर राहतो, म्हणून दहावीच्या सुट्टीत आईनं मलाही त्यांच्याकडे पाठवलं होतं. माझं मराठी टायपिंग बघून त्या एवढंच म्हणाल्या, "बोटं इंग्लिश मीडियमची आहेत गं तुझी."

क्लास बंद करताना एका कॉम्प्युटरवर कुणीतरी चोरून टाकलेला गेम सापडला. टाकणारा सापडला नाही. मग "बघू तरी, यात एवढं काय होतं," म्हणून मॅडमच खेळायला बसल्या. ते 'बघू तरी' चार वर्षं चाललंय. रोज सकाळी दहा ते अकरा दारावर जुनी पाटी लागते, 'वर्ग सुरू आहे'. आत मॅडम एकट्या. खेळायला कायम एकच गडी, ढेरपोट्या, सगळ्यांत संथ पैलवान. "धावत नाही, पण धरला की सोडत नाही." त्याच्या डावांना त्या धडे म्हणतात, आणि वहीत शॉर्टहँडमध्ये उतरवून ठेवतात, म्हणजे कुणी चोरायला नको. चोरणार कोण, तर रविवारी शेजारी बसून बघणारी मी.

स्पर्धेचा नियम सोपा होता. दोनदा हरलात की बाहेर, दोनदा जिंकलात की उद्याच्या यादीत. "उद्याच्या यादीत नाव आलं पाहिजे," मॅडम म्हणाल्या. "त्याशिवाय मी मुलुंडला परत जात नाही."

पहिली मॅच त्या हरल्या. समोरचा घाटकोपरचा आयटीवाला मनगटं टेबलावर टेकवून खेळत होता. मॅडमना ते बघवेना. "मनगट उचल, नस दबते." त्यानं उचललं आणि त्याचा वेग दुप्पट झाला.

"वाट लावून घेतलीत ना," मी हळूच म्हटलं.

"लागू दे. त्याला हात अजून चाळीस वर्षं वापरायचेत."

दुसऱ्या मॅचला पैलवानानं समोरच्याला असा काही कवेत घेतला की तो उठून "आंटी, झकास" म्हणाला. मॅडमनी त्याचीही मनगटं तपासली.

राहिली एक मॅच. जिंकली तर उद्या, हरली तर घर. सकाळपासून एक मुलगी यादी घेऊन खुर्चीपाशी येऊन बोलवायची. जेवणानंतर तिच्या जागी माइकवाला आला.

"दत्तात्रय, टेबल नऊ. दत्तात्रय."

कुणी उठलं नाही. मग माझ्या लक्षात आलं. फॉर्ममध्ये सगळ्यांनी आपापलं टोपणनाव टाकलं होतं. मॅडमनी मात्र जन्मभर शिकवलं तसं, आडनाव आधी: कांबळे सुमन दत्तात्रय. माइकवाल्यानं शेवटचा शब्द उचलला होता. दत्तात्रय म्हणजे मॅडमचे मिस्टर. क्लासची मशीन तेच दुरुस्त करायचे. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली.

"मॅडम, तुम्हालाच बोलावतायत. चला."

"माहितेय."

"दत्तात्रय, सेकंड कॉल."

मॅडम पाट मांडीवर घेऊन डोळे मिटून बसल्या होत्या.

"मॅडम, तिसऱ्या हाकेला गेलं नाही तर बाद करतात."

"जाते गं." त्या हलल्या नाहीत. "मी कधी त्यांचं नाव घेतलं नाही. 'अहो' म्हणायचे. आता घरात ते नाव घेणार कोण? किती वर्षांनी कुणीतरी हाक मारतंय."

"दत्तात्रय, लास्ट कॉल." माइकवाल्यानं यादीवर पेन टेकवलं.

मॅडम गुडघ्यावर हात ठेवून उठायला लागल्या, पण टेबल नऊ हॉलच्या पार त्या टोकाला होतं. मी त्यांच्याआधी उभी राहिले. एवढ्या लोकांसमोर मी शाळेतसुद्धा कधी बोलले नव्हते.

"थांबा, येतायत त्या," मी ओरडले. "पण नाव नीट ऐकू आलं नाही. परत एकदा घ्या ना."