महादेवअण्णांचे बारा रेणू

फळ्यावर रेणू काढला की आम्हाला त्याचं नाव आठवायचं. महादेवअण्णांना ते औषध खाणाऱ्या माणसाचं नाव आठवायचं.

एम.फार्म.चा पहिलाच आठवडा होता. मॅडमनी मधुमेहाच्या एका औषधाची लांबलचक रचना फळ्यावर काढली आणि मागच्या बाकावरून आवाज आला, "हे तर दत्तूतात्याचं! पोट लय गुडगुडतंय बघा ह्यानं." वर्ग खो खो हसला. मॅडम मात्र हसल्या नाहीत. हे औषध पिठाची साखर होऊ देत नाही आणि न पचलेलं पीठ पुढं आतड्यात जाऊन वारा धरतं, हे त्या पुढच्या तासाला शिकवणार होत्या.

अण्णा तेव्हा पन्नाशीला टेकले होते. गारगोटीत त्यांचं औषधाचं दुकान. बी.फार्म. होऊन पंचवीस वर्षं काउंटरमागे उभा राहिलेला हा माणूस एक दिवस दुकान बायकोच्या हवाली करून कोल्हापूरला आला आणि मेडिसिनल केमिस्ट्री शिकायला आम्हा पोरासोरांत बसला. वहिनी स्वतः डी.फार्म., त्यामुळे दुकानाला धक्का नव्हता. पण हे कशासाठी, ते अण्णा कुणाला सांगत नसत.

त्यांच्या लेखी प्रत्येक रेणू म्हणजे पावणं आणि एन्झाइम म्हणजे घर. "हे पावणं लय तेलकट हाय, पाण्यात उतरायचं न्हाई." "ह्याची ढेरी बघ की, दारातनं आत कसं येतंय!" काही औषधांचा एक तुकडा शरीरात गेल्यावर गळतो आणि मगच ती कामाला लागतात. त्यावर आम्ही तीन पानं पाठ केली. अण्णांनी वहीत लिहिलं, 'चप्पल दारात काढून आत.' परीक्षेतही तेवढंच लिहिलं आणि त्या विषयात आपटले. वहिनींचा फोन आला तेव्हा त्यांनी तो कानापासून हातभर लांब धरला होता, तरी आम्हाला सगळं ऐकू आलं. "औंदा न्हाई झालं तर गप दुकानात येऊन बसायचं!"

मी वर्गात पहिली येणारी. खरं सांगते, मला त्यांचा रागच यायचा. माझं पाठांतर सुट्टीत उडून जायचं आणि या माणसाच्या डोक्यातून काही हलायचं नाही.

विषय दुसऱ्या खेपेला सुटला. राहिला प्रबंध. पिठाची साखर करणाऱ्या त्याच एन्झाइमला अडवण्यासाठी अण्णांनी बारा नवे रेणू बनवले. सांगाडा एक, शेपट्या बारा. अशा रेणूंना आम्ही फोर-ए, फोर-बी असे नंबर देतो. अण्णांनी बाटल्यांना दुकानातल्या गिऱ्हाइकांच्या नावांच्या चिठ्ठ्या लावल्या: हिराबाई, दत्तूतात्या, गुंडू पैलवान. ज्यानं चाचणीत काडीचंही काम केलं नाही, त्याचं नाव महादेव.

टायपिंग माझ्याकडे होतं. त्यांच्या वहीतला तक्ता मी जसाच्या तसा उतरवला. म्हटलं, नंबर शेवटी घालू. आणि विसरले. सोनेरी अक्षरांच्या, पक्क्या बांधणीच्या प्रती विद्यापीठात जमा झाल्या, तेव्हा मला ते आठवलं.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी ते पान उघडलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"हिराबाई? हा प्रबंध आहे की मतदारयादी?"

मी उठणार, तोच अण्णांनी मला डोळ्यांनी खाली बसवलं. "माझी चूक, सर. नंबर घालायचं ऱ्हायलं."

परीक्षकांनी प्रबंध मिटला. "मग आता न बघता सांगा. गुंडू पैलवान?"

"शेपटीला दोन क्लोरीन, सर. आंगानं मोठा. आत शिरताना खांदा आडकतोय."

"हिराबाई?"

"शेपटीला मिथॉक्सी. पिवळीधमक. पहिल्या खेपेला नुसतं तेलच झालं, दोनदा धुतली तवा खडं पडलं."

मग मेल्टिंग पॉइंट, मग स्पेक्ट्रम. बाराच्या बारा. एकदाही अडखळले नाहीत. मला माझे फोर-जी आणि फोर-एच अजून वेगळे सांगता येत नाहीत!

"सगळ्यांत घट्ट बसली ती ही ताराक्का. ती का?"

"तिला दोन हात हायत, सर. एकानं चौकट धरती, दुसऱ्यानं उंबरा. हायड्रोजन बाँड. हलतच न्हाई."

परीक्षक आता पुढे सरकून बसले होते. "आणि या वयात हे सगळं कशासाठी?"

अण्णा म्हणाले, "ताराक्का दुकानापुढं भाजी इकायची, सर. शुगरची गोळी माझ्याकडंच. एकदा म्हणली, म्हादू, ही गोळी आत जाऊन काय करती रं? मी म्हटलं, शुगर कमी करती. म्हणली, ते समद्यास्नी ठावं हाय, पर कशी करती? मला धड सांगता आलं न्हाई. तशी म्हणली, मग एवढी वर्सं तू निस्त्या पुड्याच बांधल्यास व्हय?"

परीक्षक उठले, टेबलाला वळसा घालून आले आणि त्यांनी अण्णांचा हात हातात घेतला. "अभिनंदन. ग्रंथालयाच्या प्रतीत तेवढे नंबर घाला." आम्ही बाकं बडवली. मी शिट्टी मारली, चांगली लांब. अण्णा फक्त "थँक्यू सर" म्हणाले.

पेढे नाहीत, फोटो नाहीत. अण्णांनी प्रयोगशाळेतून रेणू जोडायच्या रंगीत गोळ्याकाड्यांचा डबा मागून घेतला आणि मला म्हणाले, "चल पोरी, गारगोटीला."

ताराक्का आता भाजी विकत नव्हती. साखरेनं डोळे नेले होते. एका खोलीत एकटीच राहायची. अण्णांनी तिच्यापुढं मांडी घातली, तिच्या गोळीतला रेणू जोडला आणि तिच्या मुठीत ठेवला.

"आक्का, तुझी मूठ म्हंजे पोटातलं यंत्र. पिठाचं दाणं हितं येत्यात आन साखर हून भाईर पडत्यात. आता घाल बघू मुठीत दाणा."

अण्णांनी दिलेला शेंगदाणा तिनं मुठीत सारून पाहिला. जाईना.

"जागाच न्हाई की रं."

"झालं. हेच करती गोळी."

ताराक्कानं मूठ आणखी घट्ट मिटली. "म्हंजे एवढी वर्सं ही माझ्या आत अशी बसून हाय?"

"व्हय."

"मग मी घरात एकलीच न्हाई म्हणायचं," ती म्हणाली. मग दुसरा हात पुढं करून तिनं अण्णांचं तोंड चाचपलं. "आता शिकलास बघ, म्हादू."

परीक्षकांपुढं ज्याचा आवाज हलला नव्हता, तो पन्नाशीचा माणूस तिथं लहान पोरासारखा रडला. मीही रडले. माझ्या सुवर्णपदकाच्या दिवशीसुद्धा मला एवढा आनंद झाला नव्हता.