डबा वाजलाच नाही

डोळे मिटून खणा, असं मी पाणीखात्याच्या हेमलता मॅडमना सांगून बसलो होतो. जमिनीखालच्या पाइपाजवळ जेसीबी गेला की आमचा डबा बोंबलणारच! पाइपाचा नकाशा त्याच्या पोटात आहे, जेसीबी कुठे उभा आहे ते उपग्रह सांगतात. आणखी काय हवं?

आमचे साहेब नंदकिशोर यांना एक गिऱ्हाईक हवं होतं. सत्त्याण्णव साल संपत आलं तरी डबा कुणी घेतला नव्हता. मॅडमनीही नाही घेतला, तर ते मला बंगलोरहून परत पुण्याला धाडणार, असं त्यांनी चहा ढवळत सांगितलं.

आणि पाइप? अर्धं राजाजीनगर त्याचं पाणी पितं. फुटला तर रस्त्यावर नदी, आणि नदीत जेसीबीसकट फत्तेसिंगअण्णा.

अण्णा जेसीबी चालवायचे. घराणं शिवकाळापासून इथलं, मराठीत निम्मं कन्नड. आयुधपूजेला त्यांनी केळीचे खांब आणि झेंडूचे हार बांधून जेसीबीचा नवरदेव केला होता. मीही बायकोला, संध्याला, घेऊन डेपोत गेलो. आमच्याकडेही खंडेनवमीला हत्यारं पुजतात, आणि माझं हत्यार जेसीबीच्या टपावर होतं: डब्याचा अँटेना. त्याच्या गुळगुळीत डोक्यावरून फुलं घसरत होती. संध्याने पूजेचं तांब्याचं ताम्हण त्यावर ठेवलं, दोऱ्याने आवळलं आणि शिगोशीग फुलं भरली. अँटेना अगदी देव दिसायला लागला!

पूजेचं सुकेपर्यंत काढायचं नाही, असं अण्णांनी बजावलं. मी कशाला काढतोय?

दसरा झाला. चाचणीची सकाळ. रस्त्यात सगळे जमले.

बकेट खाली.

डबा: शांत.

मॅडम खूश. साहेब माझ्याकडे पाहून चक्क हसले. एरवी अण्णा मातीला विचारून विचारून खणायचे. आज डब्याच्या भरवशावर ते श्रीखंड वाढावं तसे खणत होते.

बकेट खाली.

डबा: शांत.

मी सहज पडद्याकडे पाहिलं. डब्याच्या मते जेसीबी अजून डेपोतच उभा होता.

डेपोत?

ताम्हण! तांब्याच्या ताटातून डब्याला आकाश दिसेना, म्हणून शेवटची दिसलेली जागा धरून तो बसला होता. ओरडलो तर साहेब, पुणे, सामानाचा ट्रक. नाही ओरडलो तर नदी, अण्णा, पोलीस, आणि पंचनाम्यात आमचं ताम्ह

बकेट

"अण्णाऽऽऽ!"

पुढचं मला आठवत नाही. भान आलं तेव्हा मी खड्ड्यात हात पसरून उभा होतो. बकेटचे दात नाकासमोर.

अण्णांनी इंजिन बंद केलं. "काय सार? मशीन गप आहे की."

"मशीन आंधळं झालंय, अण्णा. वर ताम्हण आहे."

दोघं मजूर फावडी घेऊन उतरले आणि माझ्या पायांभोवतीची माती हलक्या हाताने सारू लागले. बुटांखाली काळा, घामेजलेला पाइप निघाला. मी त्यावरच उभा होतो! तळव्यांना आत काहीतरी धडधडताना लागत होतं. पाणी, किंवा मीच.

साहेब फुटपाथवर बसले. मॅडम खड्ड्याच्या काठाशी येऊन वाकल्या. मग म्हणाल्या, की पाइप फुटतात ते खणणाऱ्यांची भीड चेपल्यामुळे. पाइपाला एवढा घाबरणारा माणूस त्यांच्या अख्ख्या खात्यात नाही.

"डबा राहू दे," त्या साहेबांना म्हणाल्या. "हे मिळतील का?"

"घ्या मॅडम," अण्णा वरून म्हणाले. "स्वल्प भित्रे आहेत, पण वाजतात बेस."

साहेबांनी मला विचारलंसुद्धा नाही.

तेव्हापासून मी रोज खड्ड्याच्या काठावर उभा राहतो आणि भीती वाटली की ओरडतो. भीती दर बकेटला वाटते. संध्या सकाळ-संध्याकाळ मिठाच्या गुळण्या करायला लावते, कारण माझा घसा बसला की त्या दिवशी राजाजीनगरातली खोदाई बंद ठेवावी लागते.